व्यंकटी मिस्त्रीचे सात घाव

बेलजवळग्यात घर बांधून झालं की शेवटचं काम दगडाचं नसे, पाठीचं असे. व्यंकटी सोनकांबळे मिस्त्री थापी धुऊन ठेवी, डोक्याचा रुमाल झटके आणि नव्या भिंतीला पाठ लावून खाली बसे. घरमालकानं कपबशीत चहा आणून द्यायचा. मिस्त्रीनं तो भिंतीला टेकूनच प्यायचा. चहा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग बशी पालथी घालून तो म्हणे, "घ्या, आता तुमचं." वास्तुशांत असो की परित्राणपाठ, ते ज्याचं त्यानं पुढं करावं; पण मिस्त्रीनं पाठ दिल्याशिवाय त्या गावात कुणी नव्या घरात चूल मांडली नाही.

तो दगडाचं काम शिकला उदगीरकडच्या एका म्हाताऱ्या वडाराकडून. दगडाला बोटांनी टिचकी मारून तो आतून फुटका आहे की सलग, हे त्याला कळे. भिंत दोन हात रुंद, मधे मातीचा गारा, वर सागाच्या तुळया, तुळयांवर माळवद, माळवदावर दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर. आजोबांनी टाकलेली माती बापानं काढली नाही, बापानं टाकलेली पोरानं काढली नाही. उन्हाळ्यात घर थंड राही. लोक म्हणत, व्यंकटीच्या भिंती म्हणजे रांजण. आत गेलं की जीव निवतो.

त्र्याण्णव सालच्या अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे चारच्या आत गावच बुडालं.

व्यंकटी तेव्हा अंगणात होता. आठ महिन्यांच्या नातीला, विशाखाला, संध्याकाळपासून जुलाब लागले होते. पोरीनं रडून रडून आजी-आजोबांना आणि आईबापांना, चौघांनाही बाहेर काढलं होतं. पार्वतीबाई सहाव्यांदा फडकं बदलत होती. तेवढ्यात जमिनीच्या पोटातून कुणीतरी जड मोट ओढल्यासारखा आवाज आला आणि त्यांच्या पाठीमागं घर खाली बसलं. थकलेलं माणूस बसतं, तसं.

पुढं मदतीचे ट्रक आले, वहीत लिहून घेणारी माणसं आली. कसे वाचलात, असं विचारलं की व्यंकटी नातीकडं बोट दाखवी. "हिच्या पोटानं वाचवलं." लिहून घेणारा गोंधळे आणि एक चादर जास्त देऊन जाई.

व्यंकटीच्या भिंतींखाली माणसं गेली होती, पण गावात त्याला कुणी काही बोललं नाही. त्याचंच त्याला ओझं झालं. एखाद्यानं तोंडावर शिवी दिली असती तर तो उलट भांडला असता, माती पांढरी होती, धरणी माझ्या हातात न्हाई, असं काहीतरी म्हणाला असता. पण लोक त्याला पूर्वीसारखंच 'मिस्त्री' म्हणत राहिले. तो मात्र त्यानंतर कुठल्याही भिंतीला टेकून बसला नाही. पत्र्याच्या शेडात तो मधोमध बसे, चारी बाजूंनी हातभर जागा सोडून. पाठीला बाक आला तरी टेकला नाही.

तीन वर्षांनी माळावर नवं गाव झालं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरांवर स्लॅब. लोकांनी चाव्या घेतल्या, घरात धान्य ठेवलं आणि दारापुढं पत्रे टाकून स्वतः त्याखाली राहू लागले. प्रत्येक घरामागं एक संडासही होता. चार फूट लांब, चार फूट रुंद, लोखंडी दार आणि डोक्यावर स्लॅब. एवढी पक्की कोठी सरकारनं फुकट दिल्यावर ती वाया कशी घालवायची? किराणावाल्या बसलिंगप्पानं तिच्यात खड्या मिठाची पोती रचली. शेजारच्या महादेवप्पानं सोयाबीनचं बियाणं आणि मोटारीचा पाइप ठेवला. पार्वतीबाईनं गोवऱ्या अशा सुबक रचल्या की खालचं भांडं कुणाला दिसलंसुद्धा नाही. माणसं गोदरीला, उघड्यावरच, जात राहिली. जुन्या गावात बायका उगवतीला जात, म्हणून नव्या गावातही उगवतीलाच जात. नव्या गावात उगवतीला चढ होता आणि चढाच्या खाली नळाची विहीर होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाय जुने होते, गाव नवं होतं.

सत्त्याण्णवच्या श्रावणात विशाखा आजारी पडली. जूनपासून तिसऱ्यांदा.

विशाखाला तेव्हा पाचवं लागलं होतं. तिचे आईबाप लातुरात. तिचा बाप अश्वजित व्यंकटीच्याच धंद्यात होता, पण दगडाच्या नव्हे. लातुरात तेव्हा पोरांना शिकवण्यांचं वेड लागलं होतं. कुठं दोनशे पोरं बसतील असा हॉल बांध, कुठं गच्चीवर चार खोल्या चढव. गवंड्यांना दिवस पुरत नव्हता. अश्वजित आणि त्याची बायको कामावरच्या खोपटात राहत आणि पोर गावात आजीआजोबांकडं असे. पोर म्हणजे व्यंकटीचा दिवस होता. सकाळी ती त्याच्या पाठीवर ओळंब्याची दोरी सोडून बघे आणि सांगे, "आजोबा, तुमी वाकडे हाव."

या खेपेला ताप भरला, पोटात मुरडा येऊ लागला. दर घटकेला बसायला जाई आणि पडे ते आव आणि रक्त. पार्वतीबाईनं दोन दिवस अन्न तोडलं, पाणीही घोटघोट. पोट रिकामं राहिलं की थांबतं, हा तिचा हिशेब. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले आणि ती रडायचीच थांबली. रडणारं पोर गप्प झालं म्हणजे काय, हे व्यंकटीइतकं कुणाला कळणार? त्यानं तिला खांद्यावर टाकलं आणि तीन मैलांवरचा सरकारी दवाखाना गाठला. पार्वतीबाई मागोमाग धावली.

तिथं डॉक्टर देविका धानोरकर नव्यानंच आल्या होत्या. नांदेडच्या एका शाळामास्तरांची मुलगी. बोलणं शहरी, पण लोकांचं ऐकून घ्यायची सवय. त्यांनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली आणि आधी पाणी सुरू केलं. साखर-मिठाचं, चमचा चमचा.

"आजी, हे कशानं झालं असं वाटतं तुम्हाला?"

"दात येत असतील बाई."

"पाचव्या वर्षी? बरं, मागच्या वेळी?"

"मागल्या खेपेला नजर लागली व्हती."

"आणि त्याच्या आधी?"

पार्वतीबाईनं आठवून बघितलं. "त्याच्या आधी पेरू."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण औषधाची चिठ्ठी लिहिताना त्यांचा पेन जरा हलला. "आजी, हे जंतू आहेत. आतड्याला जखमा करतात, म्हणून रक्त पडतं. औषधानं ही बरी होईल. मी सांगते तितके दिवस औषध द्या, मधेच थांबवू नका. पाणी द्या, मऊ भात द्या, उपाशी ठेवू नका. पण हे जंतू कुठून आले तेही बघावं लागेल. एका लेकराच्या शौचातून निघतात, हाताला लागतात, माशीच्या पायाला लागतात, पाण्यात उतरतात आणि दुसऱ्या लेकराच्या तोंडात जातात. लांबचा प्रवास नाही तो."

खाटेवरून बारीक आवाज आला. "जंतूला पाय असत्यात?"

"नसतात."

"मग चालतंय कसं?"

"आपल्याच पायांनी," बाई म्हणाल्या.

चार दिवसांत पोर उठून बसली आणि भाकरीचा पापुद्रा मागू लागली. पण बाईंनी व्यंकटीला बाजूला घेतलं. हिचं वजन हिच्याहून दोन वर्षांनी लहान पोरीएवढं आहे, त्या म्हणाल्या. अंगात भांडवल उरलेलं नाही. पावसाळा अजून दोन महिने आहे. चौथ्यांदा हे झालं तर मला जमेलच असं मी सांगत नाही.

त्याच दिवशी अश्वजित लातूरहून आला. त्यानं लेकीचे दंड चाचपले, बापाकडं न बघता बोलला. "दादा, अजून एकदा पडली की मी तिला घेऊन जाणार. खोपटात ऱ्हाईल, पण डोळ्यांपुढं ऱ्हाईल."

"खोपटात काय हाय? वाळू अन् सिमेट."

"हितं तरी काय हाय?" अश्वजित म्हणाला.



आठवड्यानं डॉक्टरीणबाई स्वतः गावात आल्या. नळाच्या विहिरीत डोकावल्या, उगवतीचा चढ चढून आल्या, चपला बाहेरच धुतल्या. मग व्यंकटीच्या घरामागचं लोखंडी दार त्यांनी उघडलं आणि गोवऱ्यांच्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या.

"संडास आहे की तुमच्याकडं."

"हाव. लई मजबूत दिलाय," पार्वतीबाई म्हणाली.

"मग वापरत का नाही?"

आयाबाया जमल्याच होत्या.  पार्वतीबाईनंच तोंड उघडलं. "बाई, तुमाला सांगायला काय लाज? नव्या गावात आल्यावर मी एकदा गेल्ते आत. बसले. वर बगितलं तर स्लॅब. मग काय व्हतंय?"

"काय होतं?"

"काईच व्हत न्हाई. जिथल्या तिथं थांबतंय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. केवळाबाई, महादेवप्पाची बायको, पुढं सरकली. "हसू नगा गं. अन् समजा त्याच येळेला जमीन हालली तर? घरात मेलं तर लोक म्हंतील, घरात मेली. रानात मेली तर रानात मेली. अन् ह्यातून काढली तर? पेपरात काय छापून येईल? माझ्या माहेरची माणसं काय तोंड दाखवतील?"

या बोलण्यावर मात्र कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईसुद्धा. त्यांनी गावोगाव साबण, उकळलेलं पाणी, झाकलेलं अन्न यांवर भाषणं केली होती. मेल्यानंतरच्या अब्रूवर त्यांच्याकडं औषध नव्हतं. जाताना त्या व्यंकटीला एवढंच म्हणाल्या, "मिस्त्री, लेकरू आजीच्या मागं जातं. आजी जिथं बसेल तिथं नात बसेल. स्लॅब पडणार नाही, हे मी सांगून काय उपयोग? मी डॉक्टर आहे. गावात भिंतीचं कळतं ते तुम्हालाच."

भिंतीचं कळतं. चार वर्षांत कुणी हे त्याला असं सरळ म्हणालं नव्हतं. तो तिथंच उकिडवा बसून राहिला, भिंतीपासून हातभर लांब.

स्लॅब पडणार नाही असं तो म्हणू शकत नव्हता. पूर्वी शंभरावर घरांना त्यानं तसं म्हटलं होतं. पण दुसरं एक त्याला करता येण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं गोवऱ्या बाहेर काढल्या, दोन पिंपांवर फळी टाकून परांची केली आणि घण घेऊन तो वर चढला.

महादेवप्पा दात घासत कुंपणाशी आला. "मिस्त्री, काय करायलास?"

"स्लॅब काढायलाव. भीती स्लॅबची हाय ना? मग स्लॅबच नगो. वर आभाळ ठिवतो. आभाळ पडून कोन मेल्याचं आजवर ऐकलं न्हाई."

"सरकारी हाय ते."

"पोरगी माझी हाय."

पहिला घाव बसला आणि घण चेंडूसारखा वर उडाला. व्यंकटीनं हातावर थुंकून पुन्हा मारला. स्लॅबवर रुपयाएवढा पांढरा डाग पडला. तासाभरात निम्मं गाव कुंपणाशी जमलं. बसलिंगप्पानं दुकान उघडलंच नाही. कुणी म्हणालं कोपरा धर, कुणी म्हणालं मधोमध मार. दहाच्या सुमाराला घणाचा दांडा मोडला. महादेवप्पानं आपला आणून दिला, कारण आता त्यालाही चैन पडेना. दुपारपर्यंत व्यंकटीच्या हाताला फोड आले, तेव्हा कुठं वितभर कोपरा निघाला.

तो खाली वाकून त्या कोपऱ्यात बघू लागला. किती तरी वेळ बघत राहिला. लोकांना वाटलं, मिस्त्रीला चक्कर आली.

"आत लोखंड हाय," तो म्हणाला.

"असणारच की," महादेवप्पा म्हणाला.

"असं न्हाई. बोटाएवढ्या सळया हायत्या, विता-वितावर. आडव्या, उभ्या, अन् भितीत वाकवून उतरवल्यात. एवढं लोखंड पुलाला घालत न्हाईत." त्यानं सळईला टिचकी मारली, पूर्वी दगडाला मारी तशी, आणि कान लावला. "ज्यानं हे बांधलंय ना अप्पा, तो आपल्यापेक्षा जास्त भ्यालेला हाय."

घण घेऊन तो खाली उतरला. अंगावर सिमेंटची पूड, डोळे लाल. त्यानं महादेवप्पाच्या हातात घण दिला. "आता मी आत बसतो. तू वरून मार."

"खुळा झालास का?"

"सकाळधरनं मी मारलो, पडला का? मग? आता मी खाली असताना मार. लई न्हाई. सात मार."

"सातच का?"

"जास्त मारलास तर तुजा विश्वास ऱ्हायचा न्हाई, कमी मारलास तर माजा."

व्यंकटी आत गेला आणि लोखंडी दार लागलं. महादेवप्पा फळीवर चढला. लिंगायत माणूस, गळ्यातलं लिंग त्यानं सदऱ्याच्या आत सरकवलं, डोळे मिटले आणि घण उचलला. गाव मोजू लागलं. एक. दोन. तिसऱ्या घावाला आतून खोकला ऐकू आला. चार. पाच.

"मिस्त्री, हाईस का?"

"हाय. मार."

सहा. सात.

दार उघडेना. महादेवप्पा वरून ओणवा झाला. "मिस्त्री? ये की भायेर."

"थांब की जरा," आतून आवाज आला. "आलोच हाय तर."

हे कळायला गावाला एक क्षण लागला. मग जे हसू फुटलं, ते गावात भूकंपानंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ऐकू आलं. केवळाबाई हसता हसता जमिनीवर बसली. भांडणं, पंगती, लग्नं, सगळं चार वर्षांत झालं होतं. पण असं एकदम, एका सुरात गाव हसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बसलिंगप्पा येऊन उभा राहिला. "मिस्त्री, माझ्या संडासावर सात मारशील का? मी आत बसतो."

मग तो रिवाजच पडला. कुटुंबातल्या कर्त्यानं आत बसायचं, व्यंकटीनं वरून सात घाव घालायचे, बाहेर पोरांनी मोठ्यानं मोजायचं. सात झाले की कर्ता अंग झटकत बाहेर येई आणि घरातली बाई लगेच झाडू घेऊन आत शिरे. मिठाची पोती निघाली, बियाणं निघालं, पाइप निघाला. एका घरातून पिलांसकट कोंबडी निघाली आणि तिनं जागा सोडायला तीन दिवस लावले. रोज चार-पाच घरं व्हायची. पंधरा-सोळा दिवस व्यंकटीचा घण गावात वाजत राहिला. हाताला चिंध्या बांधून तो मारत होता. डॉक्टरीणबाईंनी साबणाच्या वड्या पाठवल्या. पोरांनी त्याचाही खेळ केला: हात चोळताना सातपर्यंत मोजायचं. बाईंना वीसपर्यंत हवं होतं, म्हणून शेवटी तीनदा सात ठरले.

शासनाचे इंजिनिअर मार्तंडराव जीपनं आले ते तणतणतच. सरकारी बांधकामावर घण घातल्याची तक्रार त्यांच्याकडं गेली होती. त्यांनी व्यंकटीच्या स्लॅबचा निघालेला कोपरा बघितला. मग दोन गल्ल्या पायी फिरले. दारं उघडून आत डोकावले. आपण कागदावर शंभर टक्के वापर म्हणून कधीचं लिहून दिलं आहे, तो आता खरोखर होतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. 

"मिस्त्री, त्या कोपऱ्याला सिमेंट भरून घ्या," ते म्हणाले. जीपमधे बसता बसता परत उतरले, व्यंकटीला जरा बाजूला घेतलं. "लातूरला येणं होतं का तुमचं? आमच्या घरावर मारता का सात? मंडळी अजून व्हरांड्यातच झोपतात."

सगळं गाव झालं, फक्त एक बाई राहिली. पार्वतीबाई.

ती अजून पहाटे लोटा घेऊन उगवतीला जाई आणि बोट धरून विशाखा तिच्या मागं. व्यंकटीनं समजावून बघितलं, चिडून बघितलं.

"सगळ्या गावासमोर आत बसलो, ते कुनासाठी?"

"बसलाव की. मी न्हाई कुटं म्हंते?"

"मग? तुज्यासाठी पुन्हा सात मारू?"

"मला घाव नगोत." पार्वतीबाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "घावानं दगड कळतो. मला तुमचं कळायचंय. पैल्या घरांना तुमी पाठ देत व्हताव. ह्या गावात एका भितीला दिली का? स्वतःच्या घराला तरी? रातभर बाजेवर बसून ऱ्हाता, पन टेकत न्हाई. ज्या भितीवर तुमचा भरोसा न्हाई, तिच्या आत मी लेकराला घेऊन बसू?"

 ती खोटं बोलत नव्हती. सात घावांत त्याची छाती होती, लोकांचं हसू होतं. पाठ मात्र त्यानं अजून स्वतःजवळच ठेवली होती.

दोन दिवसांनी सकाळी विशाखा पोट धरून आली. "आजोबा, दुकतंय."

व्यंकटीनं तिच्या कपाळाला हात लावला. ताप बघितला, नव्हता. पण ती लगबगीनं आजीचा पदर ओढू लागली आणि आजी लोटा उचलून उगवतीच्या वाटेला लागली. तेव्हा तो वाटेत आडवा आला.  परसात गेला, संडासाच्या भिंतीशी आला आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. गुडघे वाकले. पाठ टेकली.

भिंत थंड होती. पहाटेच्या भिंती असतात तितकीच. त्याच्या पाठीला चार वर्षांनी काहीतरी लागलं आणि सगळं अंग एकदम सैल झालं, जणू इतके दिवस कुणीतरी त्याला मागून ओढून धरलं होतं आणि आता सोडलं. डोळ्यांपुढं एकेक घर आलं. ज्यांचा चहा प्यायला होता ती माणसं आली. त्यानं त्यांना जाऊ दिलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. बसून राहिला.

"चहा आन," तो म्हणाला.

पार्वतीबाईनं लोटा नातीच्या हातात दिला. घरात जाऊन चहा केला, कपबशी त्याच्यापुढं ठेवली. तो पीत असताना कुणी बोललं नाही. विशाखा पाय हलवत, ओठ आवळून उभी होती. तिची मोठी परीक्षा चालली होती. शेवटचा घोट घेऊन त्यानं बशी पालथी घातली.

"घ्या, आता तुमचं."

पार्वतीबाई नातीला घेऊन आत गेली आणि दार लागलं.

"आजोबा," आतून आवाज आला, "हितंच बसलाव ना?"

"हाय की."

"जंतूला स्लॅबची भीती वाटती का?"

"लई."

"म्हनून त्यो हितनं भायेर येत न्हाई?"

"म्हनूनच. तू साबन लाव नीट. तीनदा सात."

ते पोटदुखणं नुसतं कच्च्या चिंचेचं निघालं. संध्याकाळपर्यंत थांबलं. पुढं दोन महिने पार्वतीबाई आणि व्यंकटी आळीपाळीनं पोरीचं कपाळ चाचपत राहिले. नळाच्या विहिरीत औषध पडू लागलं, उगवतीच्या चढावर गवत वाढलं. दिवाळीला अश्वजित लातूरहून आला तेव्हा लेकीला उचलताना त्याला जोर लावावा लागला. त्यानं तिला खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"दादा, हिला काय खाऊ घालायलाव?"

"काय न्हाई. जे खाती ते अंगी लागायलंय," व्यंकटी म्हणाला. न्यायचा विषय अश्वजितनं पुन्हा काढला नाही. डॉक्टरीणबाईंच्या वहीत त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत बेलजवळग्याच्या पानावर रक्ती आवेच्या चारच नोंदी झाल्या, त्यातही विशाखाची नव्हती.

दोन हजार आठच्या जूनमधे व्यंकटी सत्तरीच्या घरात होता. विशाखा दहावीला पंच्याण्णव टक्के मिळवून अकरावी सायन्सला लातुरात आली होती. आता तिथं प्रत्येक खांबावर कुठल्या तरी सरांचा फोटो होता आणि प्रत्येक गल्लीत पाठीला दप्तर लावलेली पोरं. मुलींसाठी भाड्यानं दिलेल्या एका तीन मजली इमारतीत तिची खोली ठरली. मालक चंद्रप्पा निलंग्याकडचे, निवृत्त तलाठी, चाव्यांचा जुडगा कमरेला.

व्यंकटी पिशवीत हातोडा घेऊन आला होता. घण आता उचलत नसे. तिसऱ्या मजल्यावर दम घेत चढला आणि आधी संडासात शिरला. आतून ठोकण्याचा आवाज येऊ लागला.

"अहो बाबा, काय करायलाव?" चंद्रप्पा धावले. "फरशी नवी हाय."

"फरशी न्हाई, वरचं बगायलाव."

विशाखानं कपाळाला हात लावला. खोलीतल्या दोन मैत्रिणी दारातून बघत होत्या. "आजोबा, मला हितं मार्कांवर घेतलंय, घावांवर न्हाई."

"तुजं तू बग, माजं मी बगतो. सहा झाले. थांब." सातवा बसला. मग त्यानं गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडायला लावलं, ते नीट बसतं की नाही हे दोनदा पाहिलं, बेसिनपाशी साबण नाही हे चंद्रप्पांना सांगितलं, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाई हात कधी धुतात अशी चौकशी केली. चंद्रप्पांनी तलाठीपणात भलभलते पंचनामे केले होते. असा पंचनामा त्यांच्यावर कधी झाला नव्हता. ते मुकाट्यानं साबण आणायला खाली गेले.

व्यंकटी खोलीबाहेरच्या बोळात आला. भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसला. विशाखा न सांगता जिने उतरली आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा घेऊन आली. कागदी कप होता. तिनं तो दोन्ही हातांनी त्याच्यापुढं ठेवला आणि समोर उभी राहिली.

"तुझे आजोबा का गं?" एका मैत्रिणीनं विचारलं. "इथं खाली का बसलेत? आत खुर्ची आहे की."

विशाखानं ओठांवर बोट ठेवलं. मैत्रिणी गप्प झाल्या. खालच्या गल्लीत कुठल्या तरी क्लासची सुट्टी झाली होती, शंभर सायकलींच्या घंट्या एकदम वाजत होत्या. व्यंकटी घोट घोट पीत राहिला. चंद्रप्पा साबणाची वडी घेऊन जिन्यात आले आणि हे बघून तेही पायरीवरच थांबले, काही न कळता.

कप रिकामा झाला. पालथा घालायला बशी नव्हती. व्यंकटीनं कपच पालथा घातला आणि नातीकडं बघितलं.

"उठवा आता मला," तो म्हणाला. "अन् हात कुटं धुवायचे ते दावा."